विमान बांधणाऱ्या हाताला दाखला कोण देतो?

विमान दुरुस्त करणाऱ्याला सरकारी परवाना लागतो. विमान बांधणाऱ्याला लागत नाही. ऐकायला उलटे वाटते, पण व्यवहार असाच आहे. दाबोळीला किंवा मोपाला उतरलेल्या प्रवासी विमानाचे काम करून ‘उड्डाणास योग्य’ अशी सही करायची, तर त्या माणसाकडे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचा, म्हणजे डीजीसीएचा, देखभाल अभियंत्याचा परवाना हवा. ज्याने कारखान्यात त्याच विमानाच्या पंखाला भोके पाडली, रिव्हेट, म्हणजे पत्रे जोडणारे धातूचे खिळे, ठोकले, त्याच्या नावाचा असा परवाना कुठेच नसतो. त्याच्याकडे आयटीआयचा दाखला असतो आणि केलेल्या कामाच्या कागदावर मारायला कारखान्याने दिलेला क्रमांकाचा शिक्का. दाखला त्याचा स्वतःचा, शिक्का कारखान्याचा. नोकरी सोडताना शिक्का परत करावा लागतो. गोव्यातही आता विमानाचे भाग बनतात आणि हेलिकॉप्टरची इंजिने खोलून जोडण्याचा प्रकल्प आला आहे. त्यामुळे दाखला आणि शिक्का यांच्यातली ही फारकत कुठून आली, ते आपल्यालाही ठाऊक असायला हवे.

सुरुवात कायद्यापासून. भारताचा जुना विमान कायदा १९३४ चा (२०२५ पासून त्याची जागा भारतीय वायुयान अधिनियमाने घेतली) आणि त्याखालचे नियम १९३७ चे. त्या काळी देशात फ्लाइंग क्लब होते, टपाल नेणारी विमाने होती, पण विमानाचा कारखाना एकही नव्हता. सगळी विमाने बाहेरून यायची. कायदा करणाऱ्यांपुढे प्रश्न एकच होता: आलेले विमान धड राहते आहे, याची खात्री कोण देणार? म्हणून देखभाल करणाऱ्यांसाठी परवान्यांचे वर्ग ठरले. बांधणाऱ्याचा विचार करायला बांधणाराच नव्हता. पुढे कारखाने आले, तेव्हाही मान्यता दिली गेली ती कारखान्याला. आतला कोण काय करण्यास योग्य, हे त्या कारखान्याने ठरवायचे आणि तशी नोंद ठेवायची. जगभर साधारण हीच रीत आहे, तेव्हा केवळ आपल्या सरकारला बोल लावण्यात अर्थ नाही.

पहिला कारखाना उभा केला तो सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी. डिसेंबर १९४० मध्ये म्हैसूर संस्थानाच्या मदतीने बंगळूरला हिंदुस्तान एअरक्राफ्ट कंपनी सुरू झाली आणि ऑगस्ट १९४१ मध्ये तिथे जोडलेले हार्लो जातीचे पहिले प्रशिक्षण विमान उडाले. कामगार आणायचे कुठून, हा प्रश्न तेव्हाच उभा राहिला होता. युद्धामुळे सरकारने १९४० पासून तंत्रकामाच्या प्रशिक्षणाची योजना चालवली होती. १९४१ पासून ‘बेव्हिन योजने’खाली हिंदी तरुण इंग्लंडमधल्या कारखान्यांत शिकायला जात होते. पण या योजना युद्धसामग्रीसाठी होत्या, विमानासाठी नव्हेत. त्यात १९४२ मध्ये सरकारने वालचंदांचा हिस्सा विकत घेतला आणि १९४३ मध्ये कारखाना अमेरिकी हवाई दलाच्या ताब्यात गेला. मग बांधणी बाजूला पडली आणि कॅटालिनासारख्या विमानांची दुरुस्ती हेच मुख्य काम झाले. म्हणजे भारतातल्या विमान कामगारांची पहिली पिढी घडली ती विमान उघडून, नीट करून, बंद करत. युद्धानंतर कोल्हापूर भागातून आलेल्या डॉ. वि. मा. घाटगे यांनी एचटी-२ हे प्रशिक्षण विमान रचले, ते १९५१ मध्ये उडाले. तेव्हा या दुरुस्तीवाल्या हातांनाच बांधणी शिकावी लागली, आणि ती ते कारखान्याच्या आतच शिकले.

आयटीआयचा जन्म वेगळ्याच गरजेतून झाला. १९४५ मध्ये युद्धावरून परतणाऱ्या सैनिकांच्या पुनर्वसनासाठी केंद्राने एक महासंचालनालय काढले. १९४७ नंतर त्याच केंद्रांत फाळणीतून आलेल्या निर्वासितांना हातचे काम शिकवले जाऊ लागले. १९५० मध्ये ती दारे सर्वांना खुली झाली आणि कारागीर प्रशिक्षण योजना उभी राहिली. १९५६ मध्ये रोजचा कारभार राज्यांकडे गेला, आणि अभ्यासक्रम, परीक्षा, दाखला हे सगळे एकसारखे राहावे म्हणून राष्ट्रीय परिषद, म्हणजे एनसीव्हीटी, नेमली गेली. पुनर्वसनासाठी काढलेल्या शाळेने माणूस कुठल्याही वर्कशॉपमध्ये चालेल असा घडवावा, हे साहजिक होते. फिटरचा अभ्यासक्रम त्याच हेतूने रचलेला: दोन वर्षे, आणि सुरुवातीचे कित्येक आठवडे व्हाइसमध्ये धरलेला लोखंडाचा तुकडा कानसने घासत बसणे. त्या घासण्याला नाके मुरडणारे पुष्कळ आहेत. मी त्यांच्यात नाही. सपाटी आणि काटकोन हाताला कळल्याशिवाय पुढचे काही येत नाही.

पण विमानाचे काम लोखंडाच्या ठोकळ्यावर होत नाही, ते मिलिमीटर-दोन मिलिमीटरच्या ॲल्युमिनियमच्या पत्र्यावर होते. दोन पत्रे क्लेको या तात्पुरत्या पकडीने जागच्या जागी धरायचे. भोक आधी लहान पाडायचे, मग मापाला आणायचे, कडेचा बर, म्हणजे उरलेला धारदार कंगोरा, काढायचा; तो राहिला तर पत्रे एकमेकांना नीट चिकटत नाहीत आणि तिथूनच पुढे तडा धरतो. मग एकाने रिव्हेट गन धरायची, दुसऱ्याने पलीकडून डॉली, म्हणजे लोखंडी ठोकळा, टेकवायची. दोघे एकमेकांना दिसत नाहीत, फक्त आवाजावर आणि टकटकीच्या खुणेवर काम चालते. बसलेल्या रिव्हेटचे डोके मूळ व्यासाच्या दीडपट रुंद आणि निम्म्या उंचीचे व्हायला हवे. त्याहून चपटे झाले तर धातू जास्त मार खाल्लेला, उंच राहिले तर पकड कमी. चुकलेला रिव्हेट काढायचा तर ड्रिलने डोके उडवून, भोक मोठे होऊ न देता. काही मिश्रधातूंचे रिव्हेट उष्णता-प्रक्रियेनंतर फ्रीझरमध्ये ठेवतात, कारण बाहेर काढले की ते थोड्याच वेळात कडक होतात. आयटीआयच्या साध्या फिटरला यातले निम्मे कुणी शिकवलेले नसते. हे अंतर भरायचे काम ॲप्रेंटिसशिपवर सोपवलेले होते.

आणि इथे गोवा या गोष्टीत येतो. शिकाऊ उमेदवार कायद्यावर १२ डिसेंबर १९६१ ही तारीख आहे. त्यानंतर सातच दिवसांनी, १९ डिसेंबरला गोवा मुक्त झाला. कायदा लागू झाला १९६२ मध्ये, तेव्हा गोव्याला आयटीआय, ॲप्रेंटिसशिप, एनसीव्हीटी हे सारे एकदमच, तयार साच्यातून मिळाले. विमाने मात्र इथे आधीपासून होती. दाबोळीची धावपट्टी पोर्तुगीजांनी १९५५ च्या सुमारास बांधली होती आणि तिथून त्यांची टीएआयपी ही विमान कंपनी चालत होती. मुक्तीनंतर विमानतळ नौदलाकडे गेला आणि १९६४ मध्ये आयएनएस हंसा तळ तिथे आला. सी हॉक, मग सी हॅरियर, मग मिग-२९के अशी विमानांची पिढी बदलत गेली. त्यांच्या दुरुस्तीसाठी तिथे नेव्हल एअरक्राफ्ट यार्ड आहे, आणि हे यार्ड आयटीआय झालेल्या मुलांना ॲप्रेंटिस म्हणून घेते. विमानाची वीज, विमानाची उपकरणे असे खास ट्रेड शिकाऊ उमेदवार कायद्याच्या यादीत आहेत.

म्हणजे गोव्यातली विमानविद्याही बंगळूरसारखी दुरुस्तीतूनच वाढली, फरक एवढाच की इथे ती नौदलाच्या कुंपणाआड राहिली. वास्कोच्या बाजारात यार्डातल्या मिस्त्रीला सगळे ओळखत, पण त्याचे कसब बाहेरच्या कुठल्या कारखान्याला लागावे, असा कारखानाच गोव्यात नव्हता. खाण, बंदर, जहाजबांधणी आणि नंतर औषधे, हाच आपला उद्योग.

दाखल्याची किंमत गोवेकराला खरे तर समुद्रावरून चांगली कळते. तारवावर जाणाऱ्याकडे सीडीसीचे, म्हणजे जहाजावरच्या नोकरीच्या नोंदींचे, पुस्तक असते. १९७८ च्या एसटीसीडब्ल्यू करारानुसार त्याचे प्रशिक्षण दुसऱ्या देशाचे जहाजही मानते. कंपनी बदलली, झेंडा बदलला, तरी तारवटी पुन्हा पहिलीत बसत नाही. विमान बांधणाऱ्याच्या खिशात असे पुस्तक नाही.

का नाही, याचे उत्तर परवाना-उत्पादनाच्या, म्हणजे परदेशी आराखड्यावर परवानगीने विमाने बांधण्याच्या, काळात सापडते. १९६४ मध्ये हिंदुस्तान एरोनॉटिक्स म्हणजे एचएएल स्थापन झाली आणि मिग-२१ साठी नाशिकजवळ ओझरला सांगाडा, कोरापुटला इंजिन, हैदराबादला इलेक्ट्रॉनिक्स अशी वाटणी झाली. रशियन आराखडे आले, त्यांच्याबरोबर प्रत्येक क्रियेचे कागद आले. कामगाराने त्या कागदाबाहेर जायचे नाही, प्रत्येक टप्प्याला शिक्का मारायचा, वर कारखान्याचा तपासनीस आणि त्याच्याही वर संरक्षण खात्याची वैमानिकी गुणवत्ता यंत्रणा. या पद्धतीत कामगार ‘रिव्हेट ठोकणारा’ म्हणून पात्र नसतो. ‘अमुक कागदानुसार अमुक जागचे रिव्हेट ठोकणारा’ म्हणून पात्र असतो. सुरक्षिततेच्या दृष्टीने ते बरोबरच आहे. पण अशी पात्रता कारखान्याच्या फाटकाबाहेर पडली की तिचे वजन उतरते. ओझरने हजारो मराठी मुलांना घडवले, ती मुले बहुधा ओझरलाच निवृत्त झाली. म्हणून कुणाला त्रास जाणवला नाही. एका नोकरीत आयुष्य काढायचे दिवस होते ते.

त्रास सुरू झाला खासगी कारखाने आल्यावर. गोव्यातले ठळक उदाहरण पिळर्णचे. तिथली किनेको कंपनी फायबरग्लासच्या कामातून वाढली आणि २०१२ मध्ये अमेरिकेच्या कामन कंपनीबरोबर भागीदारी करून विमानाच्या कंपोझिट, म्हणजे तंतूंचे कापड आणि रेझिन यांच्या, भागांकडे वळली. फायबरग्लासच्या होड्या गोव्यात पूर्वीपासून बनतात. कापडावर रेझिन ओतून ब्रश-रोलरने दाबणारे हात इथे होतेच. मात्र विमानाचा कंपोझिट हा त्याच घराण्यातला असला तरी फार सोवळा. कार्बनचे कापड रेझिन लावूनच येते, उणे १८ अंशांच्या फ्रीझरमध्ये राहते. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच फोडायची नाही, खोलीच्या तापमानाला येऊ द्यायची, नाहीतर हवेतले बाष्प कापडावर बसते. गोव्याच्या पावसाळ्यात हे सांगायला नको. कापड फ्रीझरबाहेर किती तास राहिले, याचा हिशेब कार्डावर लिहायचा. थर कोणत्या कोनात, कोणत्या क्रमाने, हे ठरलेले. प्रत्येक थरावरचा संरक्षक प्लास्टिकचा पापुद्रा काढला की मोजून ठेवायचा, कारण एक आत राहिला तर ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे दाबाच्या भट्टीत, भाजून निघालेला अख्खा भाग टाकून द्यावा लागतो. वरून तो दिसायला निर्दोषच असतो.

तो पापुद्रा शोधतो अल्ट्रासॉनिक तपासणी करणारा, आणि शिक्क्याचा पेच त्याच्या बाबतीत सर्वांत स्पष्ट दिसतो. विमान उद्योगात अशा तपासनीसाला एनएएस ४१० किंवा ईएन ४१७९ या मानकांनुसार पहिली, दुसरी, तिसरी पातळी मिळते. त्यासाठी वर्गातले तास, अनुभवाचे तास, डोळ्यांची चाचणी, लेखी आणि प्रत्यक्ष परीक्षा असे सगळे असते. पण प्रमाणपत्र देतो मालक, आणि नोकरी सुटली की ते संपते. नवा मालक जुन्या नोंदी पाहून सवलत देईल, पण प्रमाणपत्र पुन्हा त्यालाच द्यावे लागते. बार्देशातल्या एखाद्या मुलीने चार वर्षे हे काम केले आणि लग्नानंतर ती पुण्याला गेली, तर तिथे तिला स्वतःला नव्याने सिद्ध करावे लागते. जुन्या नोंदींच्या प्रती तिने निघतानाच मागून घेतल्या नसतील, तर काम आणखी कठीण.

सरकारला हे उशिरा का होईना दिसले. डिसेंबर २०१३ मध्ये राष्ट्रीय कौशल्य पात्रता आराखडा जाहीर झाला, त्यात कौशल्याच्या दहा पायऱ्या ठरल्या. २०१४ मध्ये एचएएल आणि बंगळूरच्या उद्योग संघटनांनी मिळून विमान उद्योगासाठी कौशल्य परिषद काढली; तिने जोडणी, यंत्रकाम, कंपोझिट अशा कामांसाठी पात्रतेचे नमुने लिहिले. त्याच वर्षी शिकाऊ उमेदवार कायदा सैल झाला, आणि २०१९ च्या नियमांनी ३० किंवा अधिक माणसांच्या आस्थापनांना ॲप्रेंटिस घेणे बंधनकारक केले. फ्रान्सच्या दसॉ या विमान कंपनीच्या सहभागाने नागपूरच्या सरकारी आयटीआयमध्ये विमानाचा सांगाडा आणि उपकरणे जोडणाऱ्या फिटरचा दोन वर्षांचा ट्रेड सुरू झाला. ही मला या सगळ्यातली सर्वांत भरीव गोष्ट वाटते, कारण तिथे मुलगा पहिल्यापासून विमानाच्या पत्र्यावर हात बसवतो. त्या मानाने परिषदेच्या आखूड मुदतीच्या प्रमाणपत्रांना कारखान्यात अजून तेवढा भाव नाही. एचएएलच्या भरतीच्या जाहिराती आजही आयटीआय आणि ॲप्रेंटिसशिपचे राष्ट्रीय प्रमाणपत्रच मागतात.

गोव्यात सध्या दोन गोष्टींची गल्लत होते. मोपाला विमानतळाबरोबर कौशल्य केंद्र आले, ते मुख्यतः विमानतळावरच्या कामांसाठी: सामान, प्रवासी, माल. बांधणीशी त्याचा संबंध नाही, पण पेडण्यातल्या पालकांना ‘एव्हिएशन’ म्हटले की दोन्ही एकच वाटते. दुसरीकडे सत्तरीत एचएएल आणि फ्रान्सच्या सॅफ्रन कंपनीचा हेलिकॉप्टर इंजिनांचा प्रकल्प आहे, २०१६ मध्ये जाहीर झालेला, टीएम-३३३ आणि शक्ती या इंजिनांसाठी. तो दुरुस्तीचाच, पण तिथे लागणारी मापाची शिस्त बांधणीइतकीच कडक. सत्तरीच्या मुलाला तिथे शिरायचे तर फिटर किंवा मशिनिस्टचा ट्रेड आणि त्यानंतरची ॲप्रेंटिसशिप, हाच सरळ रस्ता.

आणि चोर्ला घाट ओलांडला की बेळगाव जिल्ह्यात हत्तरगीला २००९ पासून विमानाच्या सुट्या भागांचे विशेष आर्थिक क्षेत्र आहे. तिथे बोलायला मराठीही चालते. बडोद्यात सी-२९५ या जातीची ४० लष्करी वाहतूक विमाने जोडायची आहेत, त्या कारखान्याचे उद्घाटन ऑक्टोबर २०२४ मध्ये झाले. गोव्यातून तिकडे निघणाऱ्याने आयटीआयच्या दाखल्याबरोबर ॲप्रेंटिसशिपची नोंदवही, प्रशिक्षणाच्या तासांचे पत्रक आणि कोणकोणत्या प्रक्रियेसाठी कारखान्याने मंजुरी दिली होती त्याचा सहीशिक्क्याचा कागद सोबत घ्यावा. तो कागद नोकरी सोडण्याआधी मागायचा असतो, नंतर तो मिळवताना फार खेपा घालाव्या लागतात.