पाच नंबरचा डबा आणि हळदीचा डाग

रात्री उरलेली आमटी प्लास्टिकच्या डब्यात काढून फ्रीजमध्ये ठेवली. दुसऱ्या दिवशी डबा रिकामा केला, घासला, पुन्हा घासला, तरी आतून पिवळा तो पिवळाच. घासणीने हा डाग निघत नाही, कारण तो डब्याच्या पृष्ठभागावर बसलेलाच नसतो. तो प्लास्टिकच्या आत मुरलेला असतो.

घरात फ्रीजसाठी वापरले जाणारे बहुतेक डबे पॉलिप्रॉपिलीनचे असतात. त्याच्या रेणूंच्या लांबच लांब साखळ्या काही ठिकाणी घडी घातलेल्या कपड्यासारख्या नीट बसलेल्या असतात आणि काही ठिकाणी शिजलेल्या शेवयांसारख्या सैल गुंतलेल्या. या सैल भागात तेलाला शिरकाव मिळतो. हळदीचा पिवळा रंग म्हणजे कर्क्युमिन. ते पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, तेलात मात्र विरघळते. फोडणीचे तेल त्याला बोट धरून आत घेऊन जाते. डबा गरम असेल तर साखळ्यांची हालचाल वाढते आणि वाट आणखी मोकळी होते. म्हणून गार कोशिंबिरीवरच्या फोडणीचा डाग फिका पडतो आणि कढत आमटीचा गडद.

डबा निवडताना हा डाग डोळ्यासमोर ठेवावा, कारण ती वाट दुहेरी आहे. जिथून तेल आत शिरते, तिथूनच प्लास्टिकमधले लहान रेणू बाहेर पदार्थात येऊ शकतात. त्यात प्लास्टिक टिकावे म्हणून मिसळलेली रसायने असतात आणि साखळ्यांचे तुटके तुकडेही असतात. हे येणे किती, ते तीन गोष्टींवर ठरते: पदार्थ किती गरम, किती तेलकट आणि किती वेळ डब्यात राहणार. भारतात अन्नाच्या पॅकेजिंगसाठी वापरायच्या प्लास्टिकमधून एक किलो अन्नात एकूण ६० मिलिग्रॅमपेक्षा जास्त द्रव्य उतरता कामा नये, अशी मर्यादा एफएसएसएआय या अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या २०१८च्या नियमांत आहे. ती तपासण्याची पद्धत आयएस ९८४५ या भारतीय मानकात दिली आहे. पाणी, सौम्य अ‍ॅसिटिक आम्ल, अल्कोहोलचे द्रावण आणि तेलकट पदार्थाच्या जागी हेप्टेन, अशा वेगवेगळ्या द्रवांत प्लास्टिक ठेवून किती द्रव्य उतरले ते मोजतात. म्हणजे प्रयोगशाळासुद्धा ‘हा डबा चांगला का?’ असे मोघम विचारत नाही. कशासाठी, किती तापमानाला, किती वेळ, हे आधी ठरवते. स्वयंपाकघरातही तसेच करावे.

आता डबा उलटा करून तळ पाहा. तिथल्या त्रिकोणातला आकडा १९८८ साली अमेरिकेतल्या प्लास्टिक उद्योगाच्या संघटनेने सुरू केला, तो भंगारात प्लास्टिकची प्रतवारी सोपी व्हावी म्हणून. आकडा प्लास्टिकची जात सांगतो, डबा अन्नासाठी बनवला आहे की नाही हे सांगत नाही. त्यासाठी शेजारी पेला आणि काट्याचे चिन्ह किंवा ‘फूड ग्रेड’ असा उल्लेख शोधावा. आकडा आणि अशी खूण दोन्ही असतील तरच तो डबा अन्नासाठी घ्यावा.

१ म्हणजे पेट. पाण्याच्या बाटल्या आणि डाळी-साखरेच्या फिरकीच्या झाकणाच्या पारदर्शक बरण्या याच्या. सुमारे ७० अंश सेल्सिअसच्या पुढे पेट मऊ पडते, म्हणून कढत पाण्याने धुतलेली बरणी आक्रसते आणि मग झाकण बसत नाही. कोरड्या साठवणीला उत्तम, गरम पदार्थाला अजिबात नाही. २ आणि ४ ही पॉलिथिनची दोन रूपे, पहिले कडक आणि दुसरे मऊ. डब्यांची लवचीक, मेणचट लागणारी झाकणे बरेचदा ४ची असतात. ५ म्हणजे पॉलिप्रॉपिलीन. ते वितळते १६० अंशांच्या आसपास, त्यामुळे घरगुती डब्यांत उष्णतेला त्यातल्या त्यात हेच दाद देत नाही. ३ म्हणजे पीव्हीसी आणि ६ म्हणजे पॉलिस्टायरीन. साठवणीच्या डब्यासाठी या दोन्हींच्या वाटेला जाऊ नये. ७ हा ‘इतर सगळे’ असा खण आहे. त्यात पॉलिकार्बोनेट येते, ट्रायटनसारखी नवी प्लास्टिकेही येतात. नुसता ७ वाचून काहीच कळत नाही.

पॉलिकार्बोनेट बनवताना बिस्फेनॉल-ए, म्हणजे बीपीए लागते. शरीरातल्या इस्ट्रोजेन संप्रेरकाची ते नक्कल करू शकते. युरोपीय संघाने २०११ साली बाळांच्या दूधबाटल्यांत त्यावर बंदी घातली आणि डिसेंबर २०२४मध्ये अन्नाच्या संपर्कात येणाऱ्या इतर वस्तूंसाठीही बंदीचा नियम केला. मात्र ५ नंबरच्या डब्यावर ठळक अक्षरांत ‘बीपीए-फ्री’ लिहिले असेल तर त्यासाठी जादा पैसे मोजू नका. पॉलिप्रॉपिलीन बनवायला बीपीए लागतच नाही.

आकडा नसलेले जुने झाकण किंवा डबा हाती लागला, तर एक सोपी परीक्षा आहे. कडेचा नखाएवढा तुकडा कापून पेलाभर पाण्यात टाका. आधी पाण्यात भांडी घासायच्या लिक्विडचा एक थेंब घाला, म्हणजे तुकड्याला चिकटलेले हवेचे बुडबुडे सुटतील. पॉलिथिन आणि पॉलिप्रॉपिलीन पाण्यापेक्षा हलके आहेत, ते तरंगतात. पेट, पॉलिस्टायरीन आणि पॉलिकार्बोनेट बुडतात. प्लास्टिकमध्ये खडूची किंवा शंखजिऱ्याची भुकटी मिसळलेली असेल तर ५ नंबरही बुडतो, म्हणून ही परीक्षा नापास करण्यासाठी वापरावी. बुडाला तो डबा गरम पदार्थांच्या कामातून बाद. तरंगला तरी ते फक्त जातीचे प्रमाण, अन्नासाठी बनवल्याचे नाही.

श्रीखंडाचे आणि आइस्क्रीमचे डबे आपल्याकडे कुणी टाकत नाही, आणि टाकू नयेतच. पण ते बनवलेले असतात गार पदार्थासाठी, पातळ भिंतीचे. त्यात सोललेला लसूण, निवडलेली कोथिंबीर, कढीपत्ता, सुकी मिरची ठेवावी. कुकरमधून काढलेली वाफाळती उसळ नाही. हॉटेलातून रस्सा ज्यात येतो, त्या पातळ डब्यांचेही तेच. त्यांच्या तळावर ५ असला तरी ते एका खेपेसाठी घडवलेले असतात.

कोरड्या साठवणीचे डबे घेताना सर्वांत जास्त चूक मापात होते. आपण बोलतो किलोत आणि प्लास्टिकच्या डब्यावर आकडा असतो मिलिलिटरचा. तांदूळ, तूरडाळ किंवा साखर एक किलो भरायला साधारण सव्वा लिटरचा डबा लागतो. मीठ जड, त्याला लिटरभराचा डबा पुरून उरतो. कणीक फुगीर असते, एक किलोला जवळजवळ दोन लिटर जागा खाते. म्हणजे दळण पाच किलोचे आणत असाल तर दहा लिटरचा डबा घ्या. पाच लिटरचा घेतलात तर अर्धी कणीक पिशवीतच राहील आणि पिशवीतल्या कणकेलाच आधी किडे लागतील. पातळ पोहे आणि चुरमुरे यांना तर वजन विचारूच नये, घरातला सर्वांत मोठा डबा त्यांचा.

पावसाळ्यात चिवडा सादळतो तो बहुधा झाकणामुळे. झाकण घट्ट आहे का हे दुकानात दाबून कळत नाही. घरी आणल्यावर डबा अर्धा पाण्याने भरा, झाकण लावा आणि वर्तमानपत्रावर दहा मिनिटे उलटा ठेवा. कागद कोरडा राहिला तर दमट हवेलाही फारशी वाट नाही. घट्ट झाकण बाहेरचे किडे रोखते. धान्याबरोबर आत आलेली अंडी मात्र आतच उबतात. म्हणून जुन्या पिठावर नवे पीठ कधीच ओतू नये. डबा पूर्ण रिकामा करून, पुसून, झाकणाच्या खाचेसकट वाळवून मगच भरावा. खाचेत राहिलेला पाण्याचा एक थेंबही रव्याच्या गुठळ्या करायला पुरेसा असतो.

हिंगाला प्लास्टिकचा डबा देऊच नये. त्याचे वासाचे रेणू तेलासारखेच प्लास्टिकच्या सैल भागात जाऊन बसतात आणि पुढची सहा महिने त्या डब्यातल्या प्रत्येक जिनसेला हिंगाचा वास येतो. गोडा मसाला, लवंगा, वाटलेला लसूण यांनाही काच किंवा स्टीलच बरे. लोणच्यात तेल, मीठ आणि आंबट हे तिन्ही असते आणि मुक्काम वर्षभराचा. त्याला काचेची किंवा चिनी मातीची बरणी हवी.

फ्रीजसाठी चौकोनी डबे घ्यावेत. गोल डबा तेवढीच लांबी-रुंदी अडवतो आणि सुमारे २१ टक्के कमी माल धरतो. फक्त कोपरे गोलसर आहेत ना ते बोट फिरवून पाहा, कारण काटकोनातली साय घासणीला सापडत नाही. उथळ डबा खोल डब्यापेक्षा चांगला. भात किंवा घट्ट आमटी पाच सेंटिमीटरपेक्षा जाड थरात ठेवली तर मधला भाग तासन् तास कोमट राहतो, आणि भातात बॅसिलस सेरियस नावाच्या जिवाणूला तेच हवे असते. शिजवल्यापासून दोन तासांच्या आत पदार्थ फ्रीजमध्ये गेला पाहिजे. आधी ताटात किंवा पातेल्यात पसरून वाफ जाऊ द्या, कोमट झाला की डब्यात भरा. वाफाळता पदार्थ भरून झाकण दाबले तर आतली वाफ थंड होताना पाणी होते, दाब उतरतो आणि झाकण आत ओढले जाऊन चिकटते. मग ते सुरीने उचकटताना कड तुटते. अशा वेळी डब्याचा वरचा भाग मिनिटभर कोमट पाण्यात धरला तर झाकण आपोआप सुटते.

मायक्रोवेव्हच्या बाबतीत इतकेच सांगणे आहे: पदार्थ प्लास्टिकच्या डब्यात ठेवा, पण तापवा काचेच्या किंवा चिनी मातीच्या भांड्यात. ‘मायक्रोवेव्ह सेफ’ याचा अर्थ डबा वितळणार नाही, वाकणार नाही, एवढाच. पाणी १०० अंशांवर उकळून थांबते, पण तेल आणि साखर त्याच्या पुढे तापतात. मिसळीचा रस्सा डब्यात वारंवार तापवला असेल, तर आतून तर्री जिथवर येते त्या रेषेवरून नख फिरवून पाहा. तिथे भिंत खरखरीत लागेल, बारीक खड्डे दिसतील आणि लालसर पट्टा कायमचा बसलेला असेल. तरंगत्या तेलाने प्लास्टिक तेवढ्याच रेषेत मऊ केलेले असते. डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजच्या संशोधकांनी २०२० साली पॉलिप्रॉपिलीनच्या दूधबाटल्या तपासल्या. पाणी २५ अंशांवरून ९५ अंशांवर नेले तेव्हा लिटरमागे सुटणारे सूक्ष्मकण सुमारे ६ लाखांवरून साडेपाच कोटींवर गेले. या कणांचे शरीरात काय होते यावर अजून संशोधन चालू आहे. पण काचेचे एक भांडे जवळ असताना तो निकाल लागेपर्यंत थांबायची गरज नाही, विशेषतः बाळाचे जेवण तापवताना.

फ्रीझरमध्ये नेमकी उलट अडचण येते. पॉलिप्रॉपिलीन शून्याच्या जरा खाली ठिसूळ व्हायला लागते आणि फ्रीझर असतो उणे १८ अंशांवर. गोठलेला डबा ओट्यावर आपटला की कोपरा उडतो. काढल्यावर दहा मिनिटे थांबा, मग पिळा किंवा ठोका. पाणी गोठताना सुमारे ९ टक्के फुगते, तेव्हा अर्ध्या लिटरच्या डब्यात ४५० मिलिलिटरच्या वर रस किंवा सार भरू नये. नारळाचा चव आणि वाटण यांना डब्यापेक्षा झिपची मऊ पिशवी बरी. बोटभर जाडीचा सपाट थर करून गोठवले की हवा तेवढा तुकडा मोडून घेता येतो.

चारी बाजूंनी खटके असलेल्या डब्यात झाकणाच्या खाचेत सिलिकॉनची रिंग असते. ती आठवड्यातून एकदा चमच्याच्या दांड्याने उचलून काढावी. काढली नाही तर तिच्याखाली काळी बुरशी धरते, आणि ‘डबा धुतला तरी वास येतो’ ही तक्रार बहुतेक वेळा त्या बुरशीचीच असते. रिंग आणि खाच दोन्ही कोरडे झाल्यावरच परत बसवा. खटक्यांची बिजागरी म्हणजे पॉलिप्रॉपिलीनचीच पातळ पट्टी. ती हजारो वेळा वाकते, पण गोठलेल्या अवस्थेत झटका बसला तर एकदाच तुटते. सुटी रिंग आणि सुटे झाकण मिळते का, हे डबा घेतानाच विचारावे.

हळदीच्या डागाकडे परत येऊ. त्यावर साबण लावला की तो लालसर होतो, आणि बायामाणसे घाबरतात. घाबरायचे कारण नाही. हळदीत चुना मिसळला की लाल होते, तेच इथे घडते. साबण अल्कधर्मी असतो. लिंबू पिळले की रंग पुन्हा पिवळा होतो. डाग काढायला आधी कोरड्या कापडाने थोडे गोडेतेल चोळावे, म्हणजे वरवरचे कर्क्युमिन तेलात उतरते. मग साबणाने धुऊन डबा दोन-तीन तास कडक उन्हात उघडा ठेवावा. उन्हाने कर्क्युमिनचा रेणू मोडतो आणि रंग उडतो. मात्र रोज उन्हात ठेवू नका, तेच ऊन पॉलिप्रॉपिलीनच्या साखळ्याही तोडते आणि डबा कडकडीत, ठिसूळ होतो. तारेची घासणी कधीच वापरू नये. तिच्या ओरखड्यांत तेल आणि जिवाणू दोन्ही ठाण मांडतात.

पिवळा पडलेला डबा बाद नसतो. तळ चिकट लागतो, भिंत दुधी झाली आहे, चीर दिसते, वास धुऊन जात नाही किंवा झाकण वाकून डुगडुगते, तो डबा अन्नाच्या कामातून काढावा. खिळे, सुतळी, मेणबत्त्या यांना तो चालतो. त्यावर जाड मार्करने मोठी फुली मारून ठेवा, म्हणजे घरात पाहुणे असताना घाईत कुणी त्यात भात काढून ठेवणार नाही.