ड्रम कोअर आजारपणामुळे माघार घेते त्यामागची गोष्ट

अमेरिकेत एखाद्या ड्रम कोअरने, म्हणजे मैदानावर कवायत करत बिगुलसारखी पितळी वाद्यं आणि ड्रम वाजवणाऱ्या तरुणांच्या पथकाने, आजारपणाच्या भीतीने स्पर्धेतून नाव काढून घेतलं की लोकांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, दोन-चार पोरं आजारी पडली तर बाकीच्यांनी वाजवावं की, एवढं काय त्यात. आपल्याकडे ढोल-ताशा पथकात दीडशे ढोलांतले चार कमी आले तर मिरवणूक बघणाऱ्याला पत्ताही लागत नाही, म्हणून आपल्यालाही तसंच वाटतं. पण ड्रम कोअरचं गणित वेगळं आहे आणि ते कळायला थोडं मागे जावं लागतं.

पहिल्या महायुद्धानंतर अमेरिकेत परत आलेल्या सैनिकांनी अमेरिकन लीजन ही संघटना काढली, तिच्या गावोगावच्या शाखांनी बिगुल आणि ड्रमची पथकं उभी केली आणि 1921 मध्ये कॅन्सस सिटीच्या अधिवेशनात त्यांच्या राष्ट्रीय स्पर्धाही सुरू झाल्या. मग चर्च, स्काउट, मोहल्ल्यातली मंडळं सगळेच यात उतरले. न्यू जर्सीतल्या गारफिल्डच्या चर्चमधून 1934 मध्ये होली नेम कॅडेट्स निघालं, 1938 मध्ये मॅडिसन स्काउट्स. तेव्हा हे बहुतेक सगळं गल्लीतलं काम होतं. संध्याकाळी प्रॅक्टिस, शनिवारी-रविवारी जवळपास कुठेतरी स्पर्धा आणि रात्री झोपायला आपापल्या घरी. पोराला ताप आला तर आई त्याला घरीच ठेवायची, विषय संपला. आजारपण तेव्हाही होतंच, पोलिओच्या साथी नेमक्या उन्हाळ्यातच यायच्या, 1952 च्या एका वर्षात तिकडे सुमारे 58 हजार केसेस झाल्या होत्या आणि आईबाप पोरांना स्विमिंग पूल, थिएटर, गर्दी सगळ्यापासून लांब ठेवायचे. पण तो निर्णय घराघरात व्हायचा, अख्ख्या पथकाने मिळून घ्यायची वेळ सहसा यायची नाही.

हे बदललं 1971-72 मध्ये. नियम आणि बक्षिसाचे पैसे माजी सैनिकांच्या संघटनांच्या हातात, आणि खर्च सगळा कोअरच्या डोक्यावर, याला कंटाळून ट्रूपर्स या कोअरचे जिम जोन्स आणि कॅव्हलियर्स कोअरचे डॉन वॉरन वगैरे मंडळींनी पुढाकार घेतला आणि ड्रम कोअर इंटरनॅशनल, म्हणजे डीसीआय उभी राहिली. पहिली चॅम्पियनशिप 1972 मध्ये विस्कॉन्सिनच्या व्हाइटवॉटरला झाली आणि ती जिंकली थेट कॅलिफोर्नियाहून आलेल्या अनाहाइम किंग्समेनने. म्हणजे आता हा खेळ देशभर फिरायचा झाला, उन्हाळाभर टूर करायची, आणि माझ्या मते आजारपणाचा खरा प्रश्न इथूनच सुरू होतो.

टूर म्हणजे काय ते बघा. दीडशेच्या आसपास पोरं-पोरी, बहुतेक 22 च्या आतली, तीन-चार बसमध्ये. रात्री शो संपला की युनिफॉर्म उतरवायचा, ट्रकमध्ये सामान भरायचं, मग किचनच्या ट्रकपाशी लाइन लावून दिवसातलं चौथं जेवण, आणि बस निघते. पहाटे तीन-चारला पुढच्या गावातल्या शाळेचं जिम उघडतात आणि सगळे आपापल्या हवेच्या गाद्या फुगवून लाकडी फरशीवर एकाला एक चिकटून झोपतात. चार-पाच तासांत उठून पुन्हा मैदानावर, जुलैच्या उन्हात दिवसभर रिहर्सल. पाण्याचे जार तेच, शॉवर तेच, आणि ब्रासवाले, म्हणजे पितळी वाद्यं वाजवणारे, तर दिवसभर पूर्ण ताकदीने फुंकत असतात. अशा ठिकाणी एकाला उलट्या सुरू झाल्या किंवा घसा धरला की तो एकट्याचा राहतच नाही, झोपही पुरी होत नसते त्यामुळे अंगात ताकद अशी नसते.

आणि बदली माणूस मिळत नाही. अकरा-बारा मिनिटांच्या शोमध्ये प्रत्येकाच्या मैदानावरच्या जागा ठरलेल्या, त्याला ते डॉट म्हणतात, एकेका पोराचे असे डझनावारी डॉट पाठ असतात आणि पाच यार्डात आठ पावलं या हिशोबाने तो तिथे पोचतो. एक माणूस गेला की आकृतीत भोक पडतं, वरून बघणाऱ्या जजला ते लगेच दिसतं. दोन-तीन भोकं असली तरी कोअर उतरतात, नेहमीच उतरत आलेत, उलट आजारी असून वाजवलं याचं कौतुकच जास्त व्हायचं (हे मला कधीच पटलं नाही). पण वीस-तीस जण पडले की राहिलेल्यांना एकमेकांवर आपटायचा धोका असतो, धावत मागे जाताना पाठीमागे कोण आहे हे पाठांतरावर चालतं ना.

या इतिहासात 1976 साल फार विचित्र आहे. जुलैच्या शेवटी फिलाडेल्फियाच्या बेलव्ह्यू-स्ट्रॅटफर्ड हॉटेलमध्ये अमेरिकन लीजनचं अधिवेशन झालं, म्हणजे ज्यांच्या शाखांमधून ही पथकं जन्माला आली तीच संघटना, आणि घरी गेल्यावर लोक न्यूमोनियाने पटापट आजारी पडायला लागले. एकूण 221 जण आजारी, 34 मृत्यू, त्यात हॉटेलात पाऊलही न टाकता नुसते बाहेरच्या ब्रॉड स्ट्रीटवर असलेले लोकसुद्धा. आणि ऑगस्टमध्ये डीसीआयची चॅम्पियनशिप त्याच शहरात, नदीपलीकडच्या फ्रँकलिन फील्डवर! तेव्हा रोग कशाचा, पसरतो कसा, कोणालाच माहीत नव्हतं, वर स्वाइन फ्लूची धास्ती वेगळीच चालू होती. अशा वेळी पोरांना त्या शहरात न्यायचं का हा प्रश्न कुठल्याही आईबापाला पडणारच. स्पर्धा झाली, ब्लू डेव्हिल्स या कोअरने आपलं पहिलं विजेतेपद जिंकलं, आणि कारण सापडलं थेट जानेवारी 1977 मध्ये, सीडीसी या अमेरिकेच्या सरकारी रोगनियंत्रण संस्थेच्या जोसेफ मॅकडेड यांना. तो होता लीजनेला नावाचा बॅक्टेरिया, हॉटेलच्या एसी यंत्रणेतल्या पाण्यातून हवेत गेलेला, माणसाकडून माणसाकडे न जाणारा. पण हे ऑगस्टमध्ये कोणाला सांगता आलं असतं?

त्यानंतरचा मोठा दणका म्हणजे कोविड. 2020 चा अख्खा सीझन मार्चमध्येच रद्द, 1972 पासून असं कधी झालं नव्हतं. ज्यांचं ते वयाप्रमाणे शेवटचं वर्ष होतं त्यांचाही तो सीझन गेला. वाद्यातून बाहेर पडणाऱ्या हवेवर कोलोरॅडो आणि मेरीलँडच्या विद्यापीठांत अभ्यास झाले, ब्रासच्या तोंडावर कापडी कव्हर आली. 2021 मध्ये इंडियानापोलिसला मोजकेच कोअर जमले, मार्क नाहीत, नंबर नाही. 2022 ला स्पर्धा परत आली तेव्हा टेस्टिंग, वेगळं झोपवणं हे सगळं अंगवळणी पडलं होतं आणि काही कोअरनी मधले शो सरळ सोडून दिले. आधी ज्याला कच खाणं म्हटलं असतं तो आता मॅनेजमेंटचा साधा निर्णय झाला होता.

तरी माघार कुठे घेतली यावर बरंच अवलंबून असतं. डीसीआयमध्ये मार्क पुढे नेत नाहीत, रोजचा शो वेगळा, त्यामुळे जुलैतला एखादा शो सोडला तर प्रेक्षक नाराज होतात आणि रिहर्सल बुडते, एवढंच. ऑगस्टमध्ये इंडियानापोलिसच्या चॅम्पियनशिपला मात्र गुरुवारी प्रिलिम्स, म्हणजे पहिली फेरी, त्यातले वरचे 25 शुक्रवारी सेमीफायनलला, त्यातले 12 शनिवारी फायनलला. गुरुवारी उतरला नाहीत तर शुक्रवार नाही, आणि पोरांनी त्या उन्हाळ्यासाठी भरलेली हजारो डॉलरची फी तर टूरच्या बस, जेवण आणि डिझेलमध्ये कधीच संपलेली असते.