ईआरपी प्रणालीत घुसखोरी आढळल्यास सर्ट-इन आणि पोलिसांकडे कळवण्याची प्रक्रिया : कोणाला लागू, कोणती कागदपत्रे

नाशिक जिल्ह्यातील सातपूर, अंबड आणि सिन्नरच्या औद्योगिक वसाहतींतील अनेक कारखान्यांची खरेदी, साठा, पगार आणि बिले आज एकाच ईआरपी प्रणालीवर चालतात. अशा प्रणालीत गंभीर सुरक्षा त्रुटी असल्याचे जाहीर झाले की आयटी विभाग तातडीने पॅच, म्हणजे ती त्रुटी बुजवणारी सॉफ्टवेअर दुरुस्ती, लावतो, आणि ते योग्यच आहे. मात्र त्या त्रुटीतून कोणी आधीच आत शिरले असेल, तर पॅच लावून काम संपत नाही. तेथून कायद्याने ठरवून दिलेली कळवण्याची जबाबदारी सुरू होते.

ही जबाबदारी माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० च्या कलम ७०ब खाली सर्ट-इन या सायबर सुरक्षेच्या घटना हाताळणाऱ्या केंद्रीय संस्थेने २८ एप्रिल २०२२ रोजी दिलेल्या निर्देशांतून येते. सेवा पुरवठादार, मध्यस्थ, डेटा सेंटर, कंपन्या आणि सरकारी संस्था या सर्वांना ते निर्देश लागू आहेत. सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांना तयारीसाठी दिलेली मुदत २५ सप्टेंबर २०२२ रोजी संपली. याच कायद्याच्या कलम ४३अ मधील स्पष्टीकरणानुसार भागीदारी संस्था आणि एकल मालकीचा व्यवसायही कंपनीच्या व्याख्येत धरला जातो, त्यामुळे दिंडोरीतील एखाद्या द्राक्ष निर्यातदाराने आपली पेढी लहान आहे म्हणून आपल्याला सूट असेल असे गृहीत धरू नये. निर्देश न पाळल्यास कारावास किंवा दंडाची तरतूद आहे.

त्रुटी असणे आणि त्रुटीचा गैरवापर होणे या दोन वेगळ्या बाबी आहेत, हे येथे नीट समजून घेतले पाहिजे. एप्रिल २०२५ मध्ये सॅप कंपनीच्या ईआरपीसोबत वापरल्या जाणाऱ्या नेटवीव्हर या सॉफ्टवेअरच्या व्हिज्युअल कंपोजर या भागात सीव्हीई-२०२५-३१३२४ या क्रमांकाची त्रुटी उघड झाली आणि तिला तीव्रतेच्या मापनात १० पैकी १० गुण देण्यात आले. लॉगिन न करताही कोणालाही सर्व्हरवर फाइल चढवता येत होती, आणि हल्लेखोरांनी पॅच येण्यापूर्वीच तेथे वेब शेल, म्हणजे दूरून आज्ञा देता येणाऱ्या छोट्या फाइली, ठेवून दिल्या होत्या. पॅचमुळे नवीन फाइल चढवण्याचा मार्ग बंद होतो. आधी ठेवलेली फाइल मात्र जागेवरच राहते. म्हणून पॅच लावल्यानंतर अनोळखी फाइली, नव्याने तयार झालेली प्रशासक खाती आणि रात्रीच्या वेळी बाहेर गेलेला मोठा डेटा यांची तपासणी केलीच पाहिजे. काहीही आढळले नाही, तर पॅच आणि तपासणीची नोंद ठेवणे पुरेसे आहे. घुसखोरीची खूण आढळली, तर कळवणे बंधनकारक होते. डेटाबेस सर्व्हरवरील हल्ला, प्रणालीत अनधिकृत प्रवेश आणि डेटाची गळती यांचा निर्देशांच्या परिशिष्टात स्पष्ट उल्लेख आहे.

त्यासाठी मुदत आहे ६ तासांची. घटना आपल्या लक्षात आली किंवा कोणी लक्षात आणून दिली, त्या क्षणापासून ती मोजली जाते. तपास पूर्ण होईपर्यंत थांबण्याची चूक येथेच होते. पहिल्या सूचनेत हाताशी असलेली माहिती पुरते, उरलेला तपशील नंतर वाजवी वेळेत पाठवता येतो. देखभालीचे काम पुण्याच्या किंवा मुंबईच्या एखाद्या सल्लागार कंपनीकडे असले, तरी करारातील कलमाने ही जबाबदारी तिच्यावर ढकलता येत नाही.

सूचना ई-मेलने, १८००-११-४९४९ या निःशुल्क दूरध्वनीवर किंवा १८००-११-६९६९ या फॅक्सवर देता येते. घटनेचा नमुना अर्ज सर्ट-इनच्या संकेतस्थळावर उपलब्ध आहे. अर्जात संस्थेचे नाव व संपर्क व्यक्ती, बाधित सर्व्हरचा आयपी पत्ता, त्यावरील ऑपरेटिंग सिस्टिम व सॉफ्टवेअर, सर्व्हरचे ठिकाण, घटनेचा दिनांक व वेळ, दिसलेली लक्षणे आणि केलेली कारवाई लिहावी.

पुराव्याकडे मात्र सर्वांत जास्त लक्ष द्यावे, कारण तेथे गेलेली गोष्ट परत मिळत नाही. उत्पादन थांबू नये या घाईत सर्व्हर फॉरमॅट करून बॅकअपवरून पुन्हा उभा केला जातो आणि हल्लेखोर कुठून आला, काय घेऊन गेला याचा मागच पुसला जातो. असे करू नये. प्रथम सर्व्हर नेटवर्कपासून वेगळा करावा. शक्य असल्यास तो बंद करण्यापूर्वी मेमरीची प्रत घ्यावी, नंतर संपूर्ण डिस्कची प्रतिमा, म्हणजे हुबेहूब प्रत, घेऊन तिचे हॅश मूल्य (प्रतीत नंतर बदल झाला नाही हे दाखवणारा सांकेतिक आकडा) नोंदवावे, आणि मगच दुरुस्तीला हात लावावा. निर्देशांनुसार मागील १८० दिवसांचे लॉग, म्हणजे प्रणालीतील हालचालींच्या आपोआप होणाऱ्या नोंदी, भारतात जपून ठेवणे बंधनकारक आहे. ते ज्या सर्व्हरवर हल्ला झाला त्याच सर्व्हरवर ठेवले असतील, तर हल्लेखोर ते सहज पुसू शकतो, म्हणून त्यांची प्रत स्वतंत्र जागी असावी. न्यायालयात हा पुरावा सादर करताना भारतीय साक्ष अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ नुसार प्रमाणपत्र लागते. त्याचा पहिला भाग पुरावा देणाऱ्याने आणि दुसरा भाग तज्ज्ञाने भरायचा असतो, आणि दोन्हींत हॅश मूल्य नमूद करावे लागते.

सर्ट-इनला कळवणे म्हणजे पोलीस तक्रार नव्हे. ती स्वतंत्रपणे द्यावी. सातपूर आणि अंबड नाशिक शहर पोलीस आयुक्तालयाच्या हद्दीत येतात, तर सिन्नर आणि दिंडोरी नाशिक ग्रामीण पोलिसांच्या हद्दीत. हद्दीबद्दल शंका असली तरी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मुळे तक्रार कोणत्याही ठाण्यात नोंदवता येते. सोबत कंपनीच्या लेटरहेडवरील अर्ज, तक्रार देणाऱ्याच्या नावे संचालक मंडळाचा ठराव किंवा अधिकारपत्र, त्याचे ओळखपत्र, नोंदणी प्रमाणपत्र, घटनाक्रम, लॉगच्या प्रती आणि सर्ट-इनला पाठवलेल्या सूचनेची प्रत जोडावी. बनावट ई-मेलमुळे पैसेही गेले असतील, तर १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर आधी फोन करावा, कारण रक्कम गोठवण्याची शक्यता पहिल्या काही तासांतच असते. नुकसानभरपाईसाठी माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ४६ खाली राज्याच्या माहिती तंत्रज्ञान सचिवांसमोर ५ कोटी रुपयांपर्यंतचा दावा करता येतो.

नागरी सहकारी बँकांनी रिझर्व्ह बँकेला वेगळे कळवावे. वाहन उद्योगाला सुटे भाग पुरवणाऱ्यांनी ग्राहक कंपनीशी झालेल्या करारातील कळवण्याची मुदतही पाहून घ्यावी, कारण ग्राहकाची रेखाचित्रे आणि दर त्याच सर्व्हरवर असतात.

सर्ट-इनशी बोलणाऱ्या संपर्क व्यक्तीचे नाव निर्देशांनुसार आधीच कळवून ठेवायचे असते. ती व्यक्ती नोकरी सोडून गेली, तर बदल त्याच वेळी कळवावा.