ज्यूंचा वंशसंहार : छळापासून संहारापर्यंत (१९३३–४२)

नाझी राजवटीने जर्मनीत व पुढे व्याप्त यूरोपात ज्यूंविरुद्ध राबविलेले धोरण नागरी हक्क काढून घेण्यापासून सुरू झाले आणि सुमारे ६० लाख ज्यूंच्या हत्येपर्यंत गेले. छळाचे रूपांतर संहारात केव्हा व कसे झाले, याविषयी अभ्यासकांत एकमत नाही. प्रस्तुत नोंदीत मुख्यतः याच प्रश्नाचा परामर्श घेतला आहे.

१९३३ मध्ये जर्मनीत सुमारे ५ लाख ज्यू होते. लोकसंख्येतील त्यांचे प्रमाण एक टक्क्याहूनही कमी होते. हिटलर सत्तेवर आल्यावर १ एप्रिल रोजी ज्यूंच्या दुकानांवर बहिष्कार पुकारण्यात आला आणि ७ एप्रिलच्या कायद्याने ‘आर्येतर’ (मुख्यतः ज्यू) कर्मचाऱ्यांची सरकारी नोकरीतून हकालपट्टी सुरू झाली. १५ सप्टेंबर १९३५ च्या न्यूरेंबर्ग कायद्यांनी ज्यूंना पूर्ण नागरिकत्वातून वगळले आणि ज्यू-जर्मन विवाहांवर बंदी घातली. मात्र ज्यू कोणाला म्हणावे, हे या कायद्यांत सांगितलेच नव्हते. त्यावर गृहखाते व नाझी पक्ष यांच्यात खल झाला आणि १४ नोव्हेंबरच्या पूरक नियमाने किमान तीन ज्यू आजी-आजोबा असलेली व्यक्ती ज्यू ठरली. दोनच असल्यास ज्यू धर्मसमाजाचे सदस्यत्व, ज्यू जोडीदार अशा बाबी पाहिल्या जात. वंशशास्त्राचा एवढा गाजावाजा करूनही आजी-आजोबांचा वंश ठरे तो त्यांच्या धर्माच्या नोंदीवरूनच. रक्तात वंश शोधण्याचे साधन कोणापाशीही नव्हते. इतिहासकार राउल हिलबर्ग यांनी व्याख्या, मालमत्ताहरण, एकत्रीकरण व संहार अशी जी साखळी मांडली आहे, तिची पहिली कडी हीच होय.

९-१० नोव्हेंबर १९३८ रोजी ज्यूंची दुकाने व प्रार्थनामंदिरे यांवर झालेल्या हिंसाचारानंतर सुमारे ३०,००० ज्यू पुरुषांना छळछावण्यांत डांबण्यात आले आणि ज्यूंवरच १०० कोटी मार्कांचा दंड बसविण्यात आला. तोवर ज्यूंना देशाबाहेर घालविणे हेच धोरण होते. त्यांपैकी काही निर्वासित मुंबईसही आले. १९३४ मध्ये आलेले संगीतकार वॉल्टर कॉफमन यांचे नाव आकाशवाणीच्या संकेतधुनेशी सामान्यतः जोडले जाते.

युद्ध सुरू झाल्यावर पोलंडमधील ज्यूंना घेट्टोंत, म्हणजे शहरांतील बंदिस्त ज्यू वस्त्यांत, कोंडण्यात आले. १९४० मध्ये त्यांना आफ्रिकेजवळील मादागास्कर बेटावर पाठविण्याची योजना पुढे आली. पण समुद्रावर ब्रिटनचे वर्चस्व असल्याने ती कागदावरच राहिली. २२ जून १९४१ रोजी सोव्हिएट संघावर आक्रमण झाले आणि सैन्यामागून गेलेल्या विशेष पथकांनी प्रथम मुख्यतः ज्यू पुरुषांना गोळ्या घातल्या. ऑगस्टपासून स्त्रिया व मुलांसह सबंध वस्त्या मारल्या जाऊ लागल्या. कीव्हजवळील बाबी यार येथे २९-३० सप्टेंबर रोजी, जर्मन अहवालानुसार, ३३,७७१ ज्यूंची हत्या झाली.

संपूर्ण यूरोपातील ज्यूंना मारण्याचा निर्णय नेमका कधी झाला, हा खरा वादाचा मुद्दा आहे. हिटलरच्या सहीचा लेखी आदेश उपलब्ध नाही. ३१ जुलै १९४१ रोजी हिटलरचा सहकारी गोअरिंग याने सुरक्षा-यंत्रणेचा प्रमुख राइनहार्ट हायड्रिख याला ज्यूंविषयी सर्वंकष योजना तयार करण्याचा अधिकार दिला. पण या पत्राला संहाराचा आदेश मानण्यापेक्षा पूर्वतयारीची मुभा मानणे अधिक सयुक्तिक दिसते. हेतुवादी अभ्यासक हिटलरच्या मनात संहार फार पूर्वीपासून होता, असे मानतात. कार्यवादी अभ्यासक मात्र युद्धातील अडचणी व स्थानिक अधिकाऱ्यांची चढाओढ यांवर भर देतात. क्रिस्टोफर ब्राउनिंग यांच्या मते निर्णायक वळण १९४१ च्या शरद ऋतूत आले. क्रिस्टियान गेर्लाख यांनी १२ डिसेंबर १९४१ रोजी, म्हणजे अमेरिकेशी युद्ध पुकारल्याच्या दुसऱ्या दिवशी, हिटलरने पक्षनेत्यांपुढे केलेल्या भाषणाला महत्त्व दिले आहे. परंतु त्यापूर्वीच, ऑक्टोबरमध्ये, ज्यूंच्या स्थलांतरावर बंदी आली होती, नोव्हेंबरच्या आरंभी व्याप्त पोलंडमधील बेलझेक येथे संहारछावणीचे बांधकाम सुरू झाले होते आणि ८ डिसेंबरपासून तेथीलच खेल्मनो येथे बंद मोटारगाड्यांत विषारी वायू सोडून माणसे मारली जात होती. त्यामुळे डिसेंबरच्या भाषणात पहिला निर्णय शोधणे अवघड जाते. पेटर लाँगेरिख निर्णयांची मालिका १९४२ च्या उन्हाळ्यापर्यंत नेतात. एकच तारीख न धरण्याचा त्यांचा आग्रह पुराव्याशी अधिक जुळतो.

संहाराचे तंत्र मात्र आधीच हाताशी होते. अपंग व मनोरुग्णांच्या हत्येच्या ‘टी-४’ कार्यक्रमात ऑगस्ट १९४१ पर्यंत सुमारे ७०,००० जणांना विषारी वायूच्या कोठड्यांत मारण्यात आले होते. त्यातील अनेक कर्मचारी पुढे बेलझेक, सोबिबोर व त्रेब्लिंका या संहारछावण्यांत नेमले गेले.

२० जानेवारी १९४२ रोजी बर्लिनजवळ वान्झे येथे भरलेल्या बैठकीत संहाराचा निर्णय झाला, ही समजूत बरोबर नाही. हायड्रिखसह १५ अधिकाऱ्यांच्या या बैठकीचा हेतू विविध खात्यांत समन्वय साधणे हा होता. इतिवृत्तात यूरोपातील १ कोटी १० लाखांहून अधिक ज्यूंची देशवार यादी आहे. त्यात इंग्लंड व तटस्थ स्वित्झर्लंडही आहेत. इतिवृत्ताच्या ३० प्रतींपैकी उपलब्ध झालेली सोळावी प्रत १९४७ मध्ये सापडली.

१९४२ च्या उन्हाळ्यानंतर धोरणात मूलभूत बदल झालेला दिसत नाही. बदलला तो वेग. हंगेरीतून १५ मे ते ९ जुलै १९४४ या काळात सुमारे ४,३७,००० ज्यूंना, बहुतेकांना व्याप्त पोलंडमधील आउशवित्स संहारछावणीत, रेल्वेने नेण्यात आले.