पार्श्वभूमी : चुन्याची निवळी आणि ‘हार्डनेस’चा घोळ

बेळगाव-निपाणी भागात रीफ टाकी, म्हणजे घरातली प्रवाळांची खाऱ्या पाण्याची टाकी, ठेवायला घेतली की घरातूनच प्रश्न येतो. आपल्या बोअरचं पाणी इतकं जड, बादलीला आठवड्यात पांढरा थर धरतो, मग कॅल्शियम वेगळं कशाला घालायचं? प्रश्न रास्त आहे. घोळ आहे तो ‘हार्डनेस’ या शब्दात.

शब्द आला गोड्या पाण्याकडून. एक जर्मन अंश म्हणजे लिटरला १० मिलिग्रॅम कॅल्शियम ऑक्साइड, आपला कळीचा चुना. त्यातला जो भाग पाणी उकळल्यावर खाली बसतो, त्याला ‘कार्बोनेट हार्डनेस’ म्हणायचे. खाऱ्या पाण्याच्या छंदाने हीच चाचणी नावासकट उचलली. पण ती कॅल्शियम मोजतच नाही. पाणी किती आम्ल पचवू शकतं, म्हणजे अल्कलिनिटी किती, तेवढंच ती सांगते. पाण्यात कॅल्शियमचा कणही नसला तरी सात डीकेएच, म्हणजे कार्बोनेट हार्डनेसचे सात जर्मन अंश, दिसू शकतात.

बोअरच्या अहवालातला आकडाही असाच फसवतो. तिथले ३०० पीपीएम (लिटरला मिलिग्रॅम) कॅल्शियम कार्बोनेटच्या हिशोबात असतात. सगळी जडता कॅल्शियमचीच धरली तरी शुद्ध कॅल्शियम भरतं १२०. समुद्राचे ४२० हे मात्र निव्वळ कॅल्शियमचे, बोअरच्या हिशोबात ते १,०५० होतात. म्हणजे बोअरच्या जडतेवर टाकीचं भागत नाही, त्यामुळे समुद्री मीठ आरओच्याच पाण्यात कालवावं.

शाळेत फुंकर मारून दुधाळ केलेली चुन्याची निवळी १९७०च्या दशकात जर्मनीतल्या छंदिष्टांनी प्रवाळाच्या टाकीत थेंब थेंब सोडायला सुरुवात केली. पुढे कार्बन डायऑक्साइडने प्रवाळाची वाळू विरघळवणारे रिॲक्टर आले. १९९०च्या दशकात दोन बाटल्यांची पद्धत रुळली, एकीत कॅल्शियम क्लोराइड, दुसरीत सोडा. आता डोसिंग पंप आहेत.

वाद मात्र जुनाच आहे : आधी काय भरायचं, कॅल्शियम की अल्कलिनिटी? पुष्कळ जण आजही कॅल्शियमच्या आकड्यामागे लागतात. माझ्या मते हे उलटं आहे. प्रवाळ सांगाडा बांधताना २० पीपीएम कॅल्शियम घेतो, तेव्हा अल्कलिनिटी २.८ डीकेएचने उतरते. कॅल्शियम ४२० वरून ४०० झालं तर काही बिघडत नाही. त्याच वेळी डीकेएच सातावरून ४.२ वर आलेला असतो, आणि ती धोक्याची पातळी आहे. शिवाय मॅग्नेशियम १,३०० च्या आसपास नसेल, तर घातलेला चुना हीटरवरच बसतो. म्हणून रोज मोजायची ती अल्कलिनिटी, कॅल्शियम आठवड्यातून एकदा पुरे.

भारतात २००१ पासून सगळे दगडी प्रवाळ वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. घरी ते ठेवता येत नाहीत, आणि येऊ नयेतच. मऊ प्रवाळांच्या टाकीत कॅल्शियम खाणारे म्हणजे मुख्यतः गुलाबी शैवाल आणि गोगलगाई. त्यांना नियमित पाणीबदल बहुधा पुरतो. दगडी प्रवाळांसाठी परदेशात ठरलेले डोस इथे जसेच्या तसे उतरवू नयेत.

त्यापुढे लागलंच तर मी निवळी निवडेन. तिच्यातून कॅल्शियम आणि अल्कलिनिटी एकाच मापात येतात, आणि ती थेंब थेंब सोडणारी सलाईनची नळी वीज गेली तरी चालते. पानटपरीचा चुना नको, त्यात काय मिसळलंय सांगता येत नाही. शुद्ध कॅल्शियम हायड्रॉक्साइड आणावं. लिटरला जेमतेम १.७ ग्रॅम विरघळतं, बाकी तळाशी राहू द्यावं. निवळीचा पीएच बाराच्या वर असतो, म्हणून ती रात्रीच सोडावी, तीही सावकाश.

अडचण पावसाची आहे. निवळी घालायची ती उडालेल्या पाण्याच्या जागी. चैत्रात पाणी भराभर उडतं, आषाढात इथली हवाच इतकी ओली असते की टाकीची पातळी दोन-दोन दिवस हलत नाही. निवळीला जागा उरत नाही. तेव्हा डीकेएच मोजून खाण्याचा सोडा आरओच्या पाण्यात विरघळवून हाताने घालावा लागतो, चिमूट-चिमूट.