बाल न्याय मंडळ आणि बाल न्यायालय: एकच समजू नका

मे 2024 मध्ये पुण्यात कल्याणीनगरला पोर्शेखाली दोघांचा जीव गेला, सतरा वर्षांच्या मुलाला 300 शब्दांच्या निबंधाच्या अटीवर जामीन मिळाला आणि तेव्हापासून घरोघरी बाल न्यायाचे तज्ज्ञ झाले. निबंध ही शिक्षा नव्हती, जामिनाची अट होती. (अट हास्यास्पद होती, यात वाद नाही.) पण खरा घोळ वेगळाच आहे.

साधं कोर्ट कसं चालतं हे तुम्हाला ठाऊक आहे. गुन्ह्याचा आरोप असलेल्या अल्पवयीनांची प्रकरणं ऐकणाऱ्या बाल न्याय मंडळात एक न्यायदंडाधिकारी आणि दोन समाजसेवक बसतात, त्यात किमान एक महिला. दोषी ठरलेल्या मुलाला मंडळ फार तर 3 वर्षं विशेष गृहात ठेवू शकतं. बाल न्यायालय म्हणजे व्यवहारात बहुतेकदा सत्र न्यायाधीशांचं कोर्ट. बाल कल्याण समिती तिसरीच. ती हरवलेल्या, टाकून दिलेल्या, छळ झालेल्या मुलांसाठी. तिला यात ओढू नका.

आता मुद्द्याचं. ‘मंडळानं आरोपीला सज्ञान ठरवलं’ अशी बातमी आली की लोक समजतात, पोरगा आता सुटत नाही, जन्मठेप नक्की. असं काहीही झालेलं नसतं.

अल्पवयीनावर सज्ञानासारखा खटला चालवायचा तर आधी दोन चाळण्या. पहिली चाळणी वयाची. मूल गुन्ह्याच्या वेळी सोळा पूर्ण नसेल तर विषयच संपला. दुसरी चाळणी गुन्ह्याची, आणि इथेच सगळे घसरतात. किती माणसं मेली, लोक किती चिडले, हे कायदा बघतच नाही. त्या गुन्ह्याला किमान शिक्षा 7 वर्षं किंवा जास्त आहे का, एवढंच बघतो. खुनाला किमान जन्मठेप, म्हणून तो बसतो. जून 2024 पर्यंत लागू असलेल्या भारतीय दंड संहितेच्या कलम 304 मधला सदोष मनुष्यवध (खून न ठरणारी हत्या) जन्मठेपेपर्यंत जाऊ शकत होता, पण त्याला किमान शिक्षाच नव्हती, म्हणून तो बसत नव्हता. कमाल शिक्षा कितीही असो, किमान नसेल तर गुन्हा या गटात धरायचा नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं 2020 मध्ये स्पष्ट केलं. याच कलमाखाली गुन्हा असलेल्या पुण्याच्या मुलावर सज्ञानासारखा खटला चालवा, हा पोलिसांचा अर्ज मंडळानं जुलै 2025 मध्ये फेटाळला, तेव्हा ‘पैसा बोलला’ म्हणणाऱ्या किती जणांनी हे कलम उघडून पाहिलं होतं?

दोन्ही चाळण्यांतून प्रकरण गेलं, तरच मंडळ प्राथमिक मूल्यांकन करतं. त्यात ‘यानं केलं का?’ हा प्रश्न नसतो. गुन्हा करण्याची शारीरिक-मानसिक क्षमता होती का, परिणाम कळत होते का, परिस्थिती काय होती, एवढंच तपासतात. मानसशास्त्रज्ञाची मदत घेतात. हा खटला नव्हे, असं कायद्यातच लिहिलंय. सज्ञानासारखा खटला हवा असं मंडळाला वाटलं, तरच प्रकरण बाल न्यायालयात जातं आणि तिथे न्यायाधीश पुन्हा स्वतः ठरवतात, सज्ञानासारखा खटला हवा की नको. ‘नको’ही म्हणू शकतात. साक्षीपुरावे, दोषी की निर्दोष, हे सगळं त्यानंतर.

आणि दोषी ठरला तरी फाशी नाही. सुटकेची शक्यताच नसलेली जन्मठेपही नाही. एकविसाव्या वर्षापर्यंत तुरुंग नाही, ‘सुरक्षित स्थळ’ नावाची वेगळी जागा. एकवीस पूर्ण झाली आणि शिक्षा उरली असली, की बाल न्यायालय तो सुधारला का ते तपासतं. मग अटींवर सुटका, नाहीतर उरलेली शिक्षा तुरुंगात.