दुखणं खरं की सोंग? एका जुन्या संशयाची पार्श्वभूमी

वर्षानुवर्षं सांधे, कंबर किंवा ओटीपोट दुखत असलेल्या माणसाला ‘सगळे रिपोर्ट नॉर्मल आहेत’ हे ऐकून हायसं वाटत नाही, कारण पुढे काय ऐकावं लागणार ते त्याला पाठ असतं. टेन्शन घेऊ नका. बाई असेल तर, घरात काही कुरबुर आहे का? आणि मागे लागू पडलेल्या गोळीचं नाव रुग्णाने स्वतःहून घेतलं की डॉक्टर लिहिता लिहिता थांबून वर बघतात. सवय तर लागली नाही ना, हा प्रश्न न विचारताही कळतो. फोंडा, डिचोली, सत्तरीत असे अनुभव पुष्कळ घरांत ऐकायला मिळतात, पण ते ‘अमका दोतोर तुसडा’ एवढ्यावरच संपतात. तुसडेपणा असतोही. पण त्या संशयामागे कायदा आहे, अभ्यासक्रम आहे आणि थोडा गोव्याचा स्वतःचा इतिहासही आहे.

अफू गोव्याला नवी नाही. पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ओर्ता १५३४ मध्ये इथे आला. त्याचा औषधींवरचा संवादरूपी ग्रंथ १५६३ मध्ये गोव्यातच छापला गेला आणि त्यात अफू व भांग या दोन्हींवर स्वतंत्र प्रकरणं आहेत. (पणजीच्या पालिका उद्यानाला त्याचंच नाव आहे. मेल्यानंतर बारा वर्षांनी इन्क्विझिशन या चर्चच्या धर्मन्यायालयाने त्याची हाडं उकरून जाळली, तो भाग वेगळा.) पुढे एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी माळव्याची अफू इंग्रजांची मक्तेदारी चुकवून पोर्तुगीज दमणमार्गे मकाव आणि चीनकडे जाऊ लागली. रोजेरियो द फारिया हा गोमंतकीय व्यापारी त्यात आघाडीवर होता. १८४३ मध्ये इंग्रजांनी सिंध घेतल्यावर हा मार्ग ओसरला. माळव्यातली लागवड मात्र आजही सरकारी परवान्याने चालू आहे. औषधासाठी कायदेशीर अफू पिकवणाऱ्या जगातल्या मोजक्या देशांत भारत येतो. माळव्यातल्या मंदसौर-नीमचच्या अफूच्या चिकातून निघणारं मॉर्फिन हे जोरदार वेदनाशामक आपल्याच रुग्णांपर्यंत का पोचत नव्हतं, याचं उत्तर १९८५ मध्ये सापडतं.

त्या वर्षी संसदेने अमली पदार्थविरोधी कायदा, म्हणजे एनडीपीएस, घाईने मंजूर केला आणि नोव्हेंबरात तो लागू झाला. बहुतेक गुन्ह्यांना किमान दहा वर्षं सक्तमजुरी आणि एक लाख रुपये दंड. औषध म्हणून मॉर्फिन वापरायला बंदी नव्हती, पण ते ठेवायला, आणायला, न्यायला वेगवेगळे परवाने लागत. प्रत्येक राज्याचे नियम निराळे. अबकारी खात्याचा कागद मिळेपर्यंत दुसऱ्या खात्याच्या कागदाची मुदत संपलेली असे. हिशेबात चूक झाली तर तुरुंग. कुठली फार्मसी हे लचांड गळ्यात घेईल? देशातला मॉर्फिनचा वैद्यकीय वापर पुढच्या बारा वर्षांत नव्वद टक्क्यांहून अधिक घसरला आणि १९९७ मध्ये अवघ्या १८ किलोच्या आसपास आला. अख्ख्या देशासाठी!

एरवी चर्चेत निसटते ती गोष्ट पुढची. या काळात शिकलेल्या डॉक्टरांच्या दोन-तीन पिढ्यांपैकी अनेकांनी मॉर्फिनची गोळी कधी हाताळलीच नाही. पुस्तकात वाचली ती ‘व्यसन’ या शब्दाला जोडून. जे औषध कधी दिलं नाही त्याची भीती अनुभवाने कमी होत नाही, उलट ती शिस्त म्हणून पुढच्या तुकडीला शिकवली जाते.

गोव्यात त्या भीतीवर आणखी एक थर चढला. साठच्या दशकाच्या अखेरीपासून हणजूण-कळंगुटच्या किनाऱ्यांवर हिप्पी आले, आणि नंतरच्या दशकांत गोवा म्हटलं की ड्रग्स, अशी ओळख आपल्या कपाळी मारली गेली. आजही इथल्या वर्तमानपत्रांत अमली पदार्थांच्या छाप्याची बातमी नसलेला आठवडा विरळा. अशा प्रदेशात जोरदार वेदनाशामक लिहिताना डॉक्टर दोनदा विचार करणार, हे समजू शकतं. त्या विचारात किनाऱ्यावरचा पार्टीवाला आणि आमवाताने बोटं वाकडी झालेली साखळी गावची आजी एकाच रांगेत उभी राहते, ते मात्र समजू शकत नाही. एप्रिल २०१८ मध्ये ट्रामाडोल हे अफूसारखं काम करणारं वेदनाशामकही एनडीपीएसखाली आलं. कर्करोग नसलेल्या दुखण्यांत सर्रास लिहिलं जाणारं औषध तेच होतं, त्यामुळे हा संशय नेमका त्याच रुग्णांपर्यंत पोचला.

संशयाचं दुसरं मूळ कायद्याहून जुनं आहे. जखम दिसत नाही तर दुखणं कसलं, ही समजूत वैद्यकशास्त्रात फार काळ टिकली. इथे आबे फारियाची आठवण निघायलाच हवी. कांदोळीत १७५६ मध्ये जन्मलेल्या या पाद्रीने पॅरिसमध्ये संमोहनाचे प्रयोग केले आणि परिणाम संमोहकाच्या शक्तीने नव्हे, तर समोरच्याच्या मनातल्या सूचनेने घडतो असं सांगितलं. पॅरिसने त्याची रंगभूमीवरून टर उडवली. आज पणजीत जुन्या सचिवालयाशेजारी त्याचा पुतळा आहे. मनाचा शरीराच्या संवेदनेवर खरोखर परिणाम होतो, हा त्याच्या म्हणण्याचा गाभा. ‘तुमचं मनाचं आहे’ म्हणून रुग्णाला वाटेला लावणारे याच्या अगदी उलट अर्थ काढतात: मनाचं म्हणजे खोटं.

आधुनिक शास्त्राने हा अर्थ केव्हाच सोडला. १९६५ मध्ये मेल्झॅक आणि वॉल यांनी पाठीच्या कण्यात वेदनेचे संदेश कमी-जास्त होतात असा सिद्धांत मांडला, म्हणजे जखम आणि कळ यांचं प्रमाण सारखं असायलाच हवं असं नाही. वेदना-अभ्यासकांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने २०२० मध्ये व्याख्या सुधारताना, माणूस दुखतंय म्हणतो तेव्हा त्याच्या सांगण्याचा मान राखावा, असं सोबत लिहून ठेवलं. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ पासून लागू झालेल्या रोगसूचीत जुनाट वेदनेला स्वतःचं स्थान मिळालं.

बायकांच्या वाट्याला यातलं जास्त येतं, आणि त्याचं एक कारण निव्वळ तांत्रिक आहे. एंडोमेट्रिओसिसमध्ये, म्हणजे गर्भाशयाच्या अस्तरासारखा पेशीसमूह गर्भाशयाबाहेर वाढतो त्या आजारात, सोनोग्राफी साफ असू शकते, खात्रीसाठी बऱ्याचदा दुर्बीण घालावी लागते. तोवर पाळीच्या दिवसांत अंथरूण धरणाऱ्या मुलीला ‘लग्न झालं की बरं होईल’ हे घरचे सांगतात आणि पांढरा कोट घातलेलेही. अंगभर दुखत राहणाऱ्या फायब्रोमायाल्जिया या आजाराचे निकष १९९० मध्ये ठरले, २०१० मध्ये सुधारले, तरी ‘असा आजारच नसतो’ म्हणणारे अजून भेटतात. मग कोणी समजूतदार डॉक्टर कमी मात्रेत अमिट्रिप्टिलिन देतो. मुलगी मोबाइलवर नाव शोधते, तर नैराश्यावरची गोळी! ती मज्जातंतूंच्या दुखण्यावरही चालते हे दोन वाक्यांत कुणी सांगितलेलं नसतं. औषध बरोबर आणि तरीही अपमान झालेला, असा हा प्रकार.

गोव्यात डॉक्टरला उलट विचारायची रीत नाही, यालाही इतिहास आहे. १८४२ मध्ये पणजीत सुरू झालेल्या वैद्यकीय शाळेतून, म्हणजे आजच्या गोमेकॉच्या (गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या) पूर्वजातून, शिकलेले डॉक्टर पोर्तुगीज आफ्रिकेपर्यंत नेमले गेले. गावात दोतोराचा शब्द म्हणजे शेवटचा शब्द.

वेदनेकडे सहानुभूतीने बघायची वाट पहिल्यांदा कर्करोगाच्या बाजूने उघडली. १९८६ मध्ये मुंबईत सुरू झालेल्या शांती आवेदना सदन या कर्करोग्यांच्या शुश्रूषागृहाची शाखा गोव्यात लोटलीला आली. १९९३ मध्ये कालिकतला डॉ. राजगोपाल आणि सहकाऱ्यांनी वेदनाशमनाचं काम उभारलं, कायदा बदलावा म्हणून ते वर्षानुवर्षं झगडले. २०१४ च्या दुरुस्तीने मॉर्फिन, फेंटानिलसारख्या सहा औषधांसाठी एकाच परवान्याची सोय झाली. पण यातून एक अलिखित उतरंडही तयार झाली: मरणाऱ्याचं दुखणं खरं, जगणाऱ्याचं तपासून बघायचं.

जुनाट दुखण्यावर सरसकट अफूजन्य औषधं द्यावीत असं मी म्हणत नाही. १९९६ मध्ये ऑक्सिकॉन्टिन ही अफूजन्य गोळी बाजारात आल्यानंतर अमेरिकेत गोळ्यांचा आणि व्यसनाचा कसा पूर आला ते जगाने पाहिलं. पण तिथेही सरकारी आरोग्यसंस्थेच्या २०१६ च्या कडक शिफारशींचा अर्थ लावताना डॉक्टरांनी रुग्णांच्या गोळ्या एकाएकी तोडल्या, लोक तळमळले, आणि २०२२ मध्ये त्या शिफारशी मवाळ कराव्या लागल्या. आपल्याकडे गोळ्यांचा तो पूर आलाच नव्हता. त्याची धास्ती तेवढी आली.

एमबीबीएसच्या २०१९ च्या नव्या अभ्यासक्रमात रुग्णाशी बोलणं, वागणं आणि वेदनाशमन हे रीतसर शिकवायचे विषय झाले. त्या वर्षी दाखल झालेली पहिली तुकडी अलीकडेच इंटर्नशिप संपवून बाहेर पडली आहे. त्यांना वॉर्डात शिकवणारे वरिष्ठ बहुतेक सगळे १९८५ ते २०१४ या काळात घडलेले.